चाचणी प्रसारण

नगरपालिकेनं स्वतःचा रेडिओ काढावा का,
हा विषय क्रमांक एकोणीस.
अठरा नंबरला मोकाट डुकरं होती,
त्यांच्यावर दीड तास गेला.

मी दाराशी उभा. व्हॉल्वमन.
हातात साडेतीन फुटी चावी;
बोरीकाठचं अर्धं गाव हिच्या आट्यांवर पाणी भरतं,
दहाव्या दिवशी, कधी बाराव्या.

नगराध्यक्ष म्हणाले, आपला आवाज, आपलं गाव.
पाण्याची बारी, लसीकरण, कापसाचा भाव,
आखाजीची गाणी आपल्या अहिराणीत.
नसीमबी पिंजारी विरोधी बाकावरून उठल्या:
"पेटी तुमची, वीज तुमची,
बोलणारी पोरगी तुमच्या पगारावर.
माझ्या गल्लीतली गटार
त्यात तुंबेल का कधी?"
सगळे हसले. त्या नाही हसल्या.
ठराव झाला. तीन महिने, चाचणी म्हणून.

माझा आजा सुपडू दवंडी पिटायचा.
डफडं त्याचं, कातडं त्यानं ताणलेलं,
शब्द पाटलाचे.
पटकीच्या साली हुकूम झाला,
विहिरीचं पाणी चांगलं आहे म्हणून सांग.
तो चौकाचौकात गेला, डफडं वाजवलं,
तोंड उघडलं, मिटलं,
पुढच्या चौकात गेला.
लोक समजायचं ते समजले.
वर्षभर घरी बलुतं आलं नाही.
आजी ही गोष्ट शेवटच्या ओळीपर्यंत सांगायची.
बाप एक ओळ आधी थांबायचा.

रेडिओ लागला जुन्या जकात नाक्याच्या खोलीत.
भिंतींना अंड्यांचे ट्रे,
पंखा बंद, कारण तो माइकमध्ये बोलतो.
मे महिना. हर्षाली बडगुजर घामानं निथळत
उष्माघातापासून कसं जपावं ते वाचायची.
कागद वरून यायचा, सही होऊन.
खरं सांगतो, बरं चाललं होतं.
एक हरवलेली म्हैस सापडली,
एका बाळंतिणीला रात्रीतून रक्त मिळालं.
नळावर बाया म्हणायच्या, "हाऊ रेडिओ कोना शे?"
"आयकतस तेस्ना."
"नही वं. बोलतस तेस्ना."

मग ती रात्र.
पहाटे पाचला प्रभाग सात,
असं रेडिओनं तीनदा सांगून झालेलं,
आणि अकराला जॅकवेलवर मोटर जळाली.
तो वास अजून माझ्या शर्टात आहे.
हर्षालीला फोन केला. म्हणाली,
दादा, सहीशिवाय नाही बोलता येत.
साहेबांचा फोन बंद.
नगराध्यक्ष शिरपूरला, हळदीत.
आणि सातमध्ये बाया हंड्याला हंडा लावून,
उशाशी रेडिओ घेऊन, अर्ध्या डोळ्यानं जाग्या.

साडेचारला तिचाच फोन आला.
"मी नाही बोलत. तुम्ही बोला."
तिनं फोन माइकपाशी धरला असावा;
वॉचमनच्या रेडिओतून
माझाच श्वास मला ऐकू आला, जरा उशिरानं.
काय बोलायचं असतं, ठाऊक नव्हतं.
"मोटर जयनी," म्हटलं.
"आज पानी नही. जपी जा माय, जपी जा."

दोघांना मेमो.
माझ्या मेमोत 'अनधिकृत' दोनदा आलं आहे,
एकदा चुकीचं लिहिलेलं.

आता तीन महिने संपले. विषय पुन्हा पटलावर आहे.
मला कोणी विचारत नाही. विचारलं तर म्हणेन,
काढा. डफड्यापेक्षा लांब जातं.
फक्त ठरावाच्या खाली, सहीच्या वर,
जागा उरली तर एक ओळ घाला:
मोटर जळाली, तर
मोटरपाशी उभा असेल त्याला आधी बोलू द्या.
नसीमबींना एवढं पुरायचं नाही.
मलाही पुरत नाही.

काल चावी खांद्यावर टाकून सातमधून चाललो होतो.
ओट्यावरून कोणी म्हातारीनं हाक मारली,
"ओ रेडिओ, पानी कवय?"